दहा टक्क्यांची शर्यत

२ ऑक्टोबर २००६ रोजी नेटफ्लिक्सनं एक स्पर्धा जाहीर केली. तेव्हाची नेटफ्लिक्स आजच्यासारखी नव्हती. वर्गणीदारांना लाल पाकिटातून टपालानं डीव्हीडी पाठवायच्या आणि बघून झाल्या की त्याच मार्गानं परत मागवायच्या, हा तिचा धंदा होता. या धंद्यात एक मोठी अडचण होती. नवा, गाजलेला चित्रपट सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो. तेवढ्या प्रती विकत घेऊन ठेवल्या तर दोन महिन्यांनी त्या धूळ खात पडतात. उलट गोदामात हजारो जुने, कमी माहितीतले चित्रपट पडून असतात आणि ते कुणी मागवत नाही. गिऱ्हाइकाला ‘हा बघा, तुम्हांला आवडेल’ असं खात्रीनं सांगता आलं, तर दोन्ही प्रश्न सुटतात. आपल्याकडे गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीचा मालक हेच काम तोंडी करत असे. पण त्याची गिऱ्हाइकं दोनशे होती.

नेटफ्लिक्समध्ये हे काम ‘सिनेमॅच’ नावाची आज्ञावली करत होती. प्रेक्षक चित्रपटांना एक ते पाच तारे देत, आणि न पाहिलेल्या चित्रपटाला तो प्रेक्षक किती तारे देईल याचा अंदाज सिनेमॅच बांधत असे. प्रत्येक अंदाजातल्या चुकीचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं, हे चुकीचं माप ठरलं होतं. काहीही अक्कल न वापरता, प्रत्येक चित्रपटाला मिळालेली सरासरीच सगळ्यांसाठी ठोकून दिली तर हे माप १.०५४० येतं. सिनेमॅचचं माप ०.९५१४ होतं. म्हणजे कंपनीच्या अभियंत्यांनी काही वर्षांच्या मेहनतीतून दहा टक्क्यांच्या आसपास सुधारणा केली होती. आता यावर आणखी दहा टक्के सुधारणा करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळणार होते. स्पर्धा सगळ्या जगाला खुली होती.

स्पर्धकांना जो विदा दिला, तो तोवर विद्यापीठांतल्या संशोधकांनी पाहिला नव्हता एवढा मोठा होता: ४,८०,१८९ प्रेक्षक, १७,७७० चित्रपट, १०,०४,८०,५०७ मानांकनं आणि प्रत्येक मानांकनाची तारीख. प्रेक्षकांची नावं काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले होते. एक प्रचंड तक्ता डोळ्यांसमोर आणा. ओळीत प्रेक्षक, स्तंभात चित्रपट. चौकोन होतात ८५३ कोटी, आणि त्यांतले सुमारे नव्व्याण्णव टक्के रिकामे. रिकाम्या चौकोनांत काय असेल ते सांगायचं, एवढाच प्रश्न.

पहिल्याच आठवड्यात सिनेमॅच मागे पडली. त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘सायमन फंक’ या टोपणनावानं भाग घेणाऱ्या एकानं, वरच्या क्रमांकांवर असताना, आपली पद्धत जशीच्या तशी सर्वांसमोर मांडली. स्पर्धेत असं कुणी करत नाही, आणि म्हणूनच पुढच्या तीन वर्षांचं बरंचसं श्रेय मी त्याला देतो. त्याची कल्पना अशी : प्रत्येक चित्रपटाला काही मोजके आकडे चिकटवायचे आणि प्रत्येक प्रेक्षकालाही तितकेच. दोघांच्या आकड्यांचा जोडीजोडीनं गुणाकार करून बेरीज केली की अंदाज मिळतो. हे आकडे कुणी ठरवून देत नाही. माहीत असलेल्या मानांकनांशी अंदाज जुळेपर्यंत यंत्र ते थोडेथोडे सरकवत राहतं. कुठला चित्रपट विनोदी, कुठला रक्तपाताचा, कुठला रडका हे यंत्राला सांगितलेलं नसतं. तरीही ते आकडे नंतर तपासले तर त्यांत या जातकुळी ओळखू येतात. गर्दीच्या आवडीनिवडीतूनच चित्रपटांची वर्गवारी उगवून येते, कुणा समीक्षकावाचून.

पण खरी गंमत पुढे सुरू झाली. ‘एटी अँड टी’च्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट बेल, यहुदा कोरेन आणि ख्रिस व्होलिन्स्की यांचा ‘बेलकोर’ संघ आघाडीवर आला, आणि हळूहळू लक्षात येत गेलं की इथे चित्रपटांपेक्षा माणसांचा अभ्यास चालला आहे. आपण चित्रपटाला किती तारे देतो यापेक्षा कोणत्या चित्रपटांना तारे द्यायची तसदी घेतो, यातून अधिक कळतं. तारीख महत्त्वाची निघाली. एकच माणूस वर्षभरानं तोच माणूस राहत नाही. त्याचे तीन तारे पूर्वीच्या चार ताऱ्यांएवढे होतात. २००४च्या सुरुवातीला सगळ्याच मानांकनांची सरासरी एकाएकी वर चढलेली कोरेनला दिसली. त्या सुमारास प्रेक्षक काही अचानक उदार झाले नव्हते. बदल प्रणालीत किंवा ताऱ्यांच्या अर्थात झाला असावा असा त्याचा तर्क. लंडनमधला गेव्हिन पॉटर हा ‘गॅरेजातला एक साधा माणूस’ अशा अर्थाच्या नावानं एकटा खेळत होता. त्याचं मूळ शिक्षण मानसशास्त्राचं. लागोपाठ मानांकनं देताना माणूस आधीच्या आकड्याकडे ओढला जातो, हा मानसशास्त्रातला जुना निष्कर्ष त्यानं गणितात बसवला आणि मोठमोठ्या संघांना मागे टाकत वर गेला.

काही चित्रपटांनी मात्र सगळ्यांनाच रडवलं. ‘नेपोलियन डायनामाइट’ नावाचा २००४चा एक विक्षिप्त विनोदी चित्रपट त्यांत कुप्रसिद्ध झाला. लोक त्याला एक तारा देत किंवा पाच, आणि कोण काय देईल हे त्यांच्या बाकीच्या आवडींवरून कळेचना. मला हा चित्रपट यासाठीच आदरणीय वाटतो.

२००७ साली बेलकोरला सुधारणेचं वार्षिक बक्षीस मिळालं, ८.४३ टक्क्यांसाठी. त्यांनी १०७ वेगवेगळ्या अंदाजांचं मिश्रण केलं होतं. २००८ साली ‘बिगकेऑस’ या ऑस्ट्रियातल्या जोडीला सोबत घेऊन ते ९.४४ टक्क्यांवर पोचले. शेवटचा अर्धा टक्का सगळ्यात अवघड होता, आणि त्यानं स्पर्धेचं रूपच पालटलं. एकाच पद्धतीला घासून चमकवण्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या वेगळ्या प्रकारे चुकणाऱ्या पद्धतीशी तिची सांगड घालण्यात फायदा जास्त होता. चुका वेगवेगळ्या असल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. त्यामुळे प्रतिस्पर्धी एकमेकांना जाऊन मिळू लागले. ‘प्रॅग्मॅटिक थिअरी’ ही कॅनडातली दुक्कल सामील होऊन ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ असा सात जणांचा संघ झाला, आणि २६ जून २००९ रोजी त्यांनी दहा टक्क्यांची रेषा ओलांडली. नियमानुसार उरलेल्यांना शेवटचे तीस दिवस मिळाले. त्या तीस दिवसांत मागे पडलेले सगळे एकत्र आले आणि ‘द आन्साम्बल’ हा महासंघ उभा राहिला. शेवटच्या दिवशी जाहीर गुणफलकावर तोच वर होता. पण फलकावरचे गुण विद्याच्या एका भागावरचे होते. खरा निकाल राखून ठेवलेल्या दुसऱ्या भागावर लागायचा होता. तिथे दोघांचं माप चार दशांश स्थळांपर्यंत सारखंच निघालं : ०.८५६७. बक्षीस बेलकोरच्या संघाला मिळालं, कारण त्यांनी आपलं उत्तर वीस मिनिटं आधी पाठवलं होतं. २१ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये धनादेश घ्यायला जमले तेव्हा हे सात जण प्रथमच एकत्र भेटले.

ही झाली नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. तिच्या मागे, तेवढीच वर्षं, दुसरी एक गोष्ट चालू होती.

स्पर्धा जाहीर होण्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २००६मध्ये, ‘एओएल’नं संशोधकांसाठी साडेसहा लाख लोकांचे सुमारे दोन कोटी शोध खुले केले होते. त्यांतही नावांच्या जागी क्रमांक होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी एका क्रमांकाचे शोध वाचत वाचत थेट जॉर्जियातल्या एका वृद्ध बाईचं दार गाठलं. हे ताजं उदाहरण समोर असूनही आपल्या विद्यातून कुणाला ओळखणं शक्य नाही, असं नेटफ्लिक्सचं म्हणणं होतं : हा फक्त नमुना आहे, त्यात थोडे फेरफार केले आहेत, आणि शिवाय चित्रपटांच्या ताऱ्यांत लपवण्यासारखं असतं तरी काय?

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालेलं होतं. १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा एका स्थानिक साप्ताहिकानं त्यांनी भाड्यानं नेलेल्या व्हिडिओ कॅसेटींची यादी मिळवून छापली. यादीत खळबळजनक काहीच नव्हतं. पण आपलीही यादी अशी छापली जाऊ शकते या जाणिवेनं काँग्रेसचे सदस्य हादरले आणि १९८८ साली भाड्याच्या व्हिडिओंची नोंद गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. राज्यघटनेत खासगीपणाचा सर्वसाधारण हक्क सापडत नाही, असं मानणाऱ्या बोर्क यांच्यामुळे हे घडावं, ही त्यातली खोच.

ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात विताली श्माटिकोव्ह आणि त्यांचा विद्यार्थी अरविंद नारायणन (मद्रास आयआयटीतून तिकडे गेलेला) यांनी नेटफ्लिक्सचा विदा उतरवून घेतला आणि काही आठवड्यांतच आपला निष्कर्ष मांडला. एखाद्याची आठ मानांकनं ठाऊक असली, त्यांतली दोन साफ चुकीची असली, आणि तारखा पंधरवड्यानं इकडेतिकडे असल्या, तरी नव्व्याण्णव टक्के नोंदी एकमेवपणे हुडकता येतात. नेटफ्लिक्सनं केलेले फेरफार त्यात अडथळा ठरत नव्हते. हा निव्वळ गणिती दावा राहू नये म्हणून त्यांनी ‘आयएमडीबी’वर स्वतःच्या ओळखीनं मतं लिहिणाऱ्या काही डझन लोकांची मानांकनं ताडून पाहिली. दोघांच्या नोंदी जवळपास निःसंशय जुळल्या. चारचौघांत त्या दोघांनी आपल्याला रुचलेल्या मोजक्याच चित्रपटांविषयी लिहिलं होतं. नेटफ्लिक्सकडे बाकीचे होते. राजकारण, धर्म, लैंगिकता यांच्याशी संबंधित चित्रपट त्यांत होते.

हे कशामुळे शक्य झालं? तक्ता नव्व्याण्णव टक्के रिकामा होता त्यामुळे. गाजलेले शंभर चित्रपट सगळ्यांनीच पाहिलेले असतात; त्यापलीकडे मात्र प्रत्येकाची वाट निराळी. कोरेन ज्या तारखांच्या आधारे माणसाचा बदलता कल पकडत होता, त्याच तारखा नारायणनना माणूस पकडून देत होत्या. एका संशोधनाला जो संकेत होता तोच दुसऱ्याला पुरावा होता. त्यामुळे ‘थोडी आणखी काळजी घेतली असती तर’ हा युक्तिवाद मला पटत नाही. तारखा आणि दुर्मीळ चित्रपट गाळले असते तर ओळख पटली नसती, पण मग स्पर्धेलाही फारसा अर्थ उरला नसता.

डिसेंबर २००९मध्ये नेटफ्लिक्सवर कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात खटला भरला गेला. वादींमध्ये टोपणनावानं उभी राहिलेली एक आई होती. ती समलैंगिक होती आणि ही गोष्ट तिच्या गावात ठाऊक नव्हती. आपण पाहिलेल्या चित्रपटांवरून ती उघड होईल आणि मुलांना त्रास होईल, ही तिची भीती. तिला कुणी ओळखलं होतं असं नाही. कुणीही ओळखू शकतं आणि ते आपल्याला कळणारही नाही, अशी तिची तक्रार होती. नेटफ्लिक्सनं तोवर दुसरी स्पर्धाही घोषित केली होती, ज्यात प्रेक्षकांचं वय, लिंग आणि पिनकोडसुद्धा देण्याचा बेत होता. कायद्याचे प्राध्यापक पॉल ओम यांनी त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला, व्यापार आयोगानं विचारणा केली, आणि मार्च २०१०मध्ये खटला मिटवून दुसरी स्पर्धा रद्द करण्यात आली.

आणि ते दहा टक्के? बक्षीसपात्र मिश्रण नेटफ्लिक्सनं कधी वापरलंच नाही. २००७च्या कामातल्या दोन पद्धती तेवढ्या त्यांनी उचलल्या. शेवटच्या दीड टक्क्यासाठी लागणारा अभियांत्रिकीचा खटाटोप परवडणारा नव्हता, असं कंपनीच्याच अभियंत्यांनी २०१२ साली लिहिलं. दरम्यान डीव्हीडीची पाकिटं मागे पडून चित्रपट थेट पडद्यावर येऊ लागले होते. आपण काय बघतो, कुठे थांबवतो, काय अर्धवट सोडतो हे आता न विचारताच कळत होतं. २०१७ साली तारे काढून तिथे अंगठा आला.

विदा नेटफ्लिक्सनं मागे घेतला, पण तोवर तो हजारो लोकांनी उतरवून घेतलेला होता. त्याच्या प्रती आजही सहज मिळतात. शिफारस-प्रणाली शिकणारे विद्यार्थी सरावासाठी त्या वापरतात, आणि १९९८ ते २००५ या काळात त्या ४,८०,१८९ जणांनी कुठल्या दिवशी कोणत्या चित्रपटाला किती तारे दिले, ते त्यांत तसंच आहे.