एका अधिनियमाच्या दोन वाटा : दादरा आणि पुणे

दादरा म्हणजे दादरा, डेमणी आणि तिघरा ही तीन गावे. चारी बाजूंनी गुजरात. इथून नगर हवेलीतल्या सिल्वासाला जायचे तरी मध्ये गुजरातची पट्टी ओलांडावी लागते. भारताच्या माहिती तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना या नावाकडे सहसा कुणी वळत नाही. मात्र करसवलत दिली की उद्योग येतो आणि उद्योगामागून भरभराट, ही समजूत आजही प्रत्येक राज्याच्या धोरणात दिसते. ती ज्या भूमीवर प्रत्यक्ष अजमावली गेली, तिथले कागद उघडून पाहायलाच हवेत.

हे कागद तीन प्रकारचे आहेत: प्राप्तिकराचा कायदा, जनगणनेचे तक्ते आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल. सरकारने काय देऊ केले ते कायद्यातून कळते. त्यातून प्रत्यक्षात काय घडले, हे त्यात नसते. म्हणून तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात.

पहिला कागद १९९३ चा वित्त अधिनियम. त्याने प्राप्तिकर कायद्याला आठवी अनुसूची जोडली. ही भाषांची आठवी अनुसूची नव्हे, तर औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांची आणि केंद्रशासित प्रदेशांची यादी. तीत ईशान्येतली राज्ये, गोवा, हिमाचल प्रदेश यांच्या रांगेत दादरा व नगर हवेली आहे. १ एप्रिल १९९३ नंतर इथे उत्पादन सुरू करणाऱ्या कंपनीला कलम ८०-आयएखाली पहिली पाच वर्षे नफ्यावर पूर्ण सूट आणि पुढची पाच वर्षे तीस टक्के.

त्याच अधिनियमाने दुसरेही एक दार उघडले, ते कलम १०-एमध्ये. मुक्त व्यापार क्षेत्रांना १९८१ पासून असलेली करमाफी आता सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांतल्या उद्योगांनाही मिळाली. एका बाजूला जागेचा मागासपणा पाहून दिलेली सूट, दुसऱ्या बाजूला निर्यातीचा हिशेब पाहून दिलेली. दोन्हींवर एकाच वर्षाची मोहोर.

शब्दयोजनेतला एक फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. कलम १०-एने ‘उत्पादन’ म्हणजे काय ते स्पष्ट करून ठेवले होते: तबकडीवर, फितीवर किंवा माहिती साठवण्याच्या अन्य साधनावर आज्ञावली नोंदवणे हेसुद्धा उत्पादन. कलम ८०-आयएमध्ये असे स्पष्टीकरण नव्हते. तिथे नुसते ‘वस्तू किंवा पदार्थ’. त्यामुळे कोऱ्या सीडीवर सॉफ्टवेअरची प्रत उतरवणे हे उत्पादन आहे की नाही, यावर ओरॅकल कंपनी आणि प्राप्तिकर विभाग थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण २०१० साली. तोवर मागास भागांच्या सवलतीची प्रवेशमुदत, ३१ मार्च २००४, केव्हाच उलटून गेली होती. सवलतीच्या भरवशावर सॉफ्टवेअरचे काम इथे आणू पाहणाऱ्याला कायद्याच्या शब्दांत खात्री मिळत नव्हती. धागा, प्लास्टिक, तांबे, तारा यांच्याबाबत असा कोणताच प्रश्न नव्हता.

तारांचा विषय मुद्दाम काढला. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या वार्षिक अहवालांत कारखान्यांचे पत्ते छापलेले असतात. काचतंतूचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजच्या एमआयडीसीत. केबलचे कारखाने राखोलीत मधुबन धरणाच्या रस्त्यावर आणि दादऱ्यात वाघधरा रस्त्यावर. नुसत्या पत्त्यावरून कंपनीने कोणती सवलत घेतली हे सिद्ध होत नाही. मात्र देशाच्या माहिती-जाळ्याला लागणारी केबल या चिमुकल्या प्रदेशात तयार होत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

ते काम कसे चालते ते पाहा. शुद्ध काचेचा जाड दांडा दोन हजार अंशांच्या आसपास तापवून त्यातून तंतू ओढतात. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. वर लेप चढला की ती साधारण २५० मायक्रॉन होते. केबल कारखान्यात हे तंतू निळा, केशरी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमाने रंगवतात, जेल भरलेल्या बारीक नळ्यांत सोडतात, मधल्या ताठ दांड्याभोवती नळ्या उलटसुलट पीळ देत गुंडाळतात आणि वर काळे पॉलिथिलीन चढवतात. यंत्र भारी किमतीचे, हात मोजके. काम नेमकेपणाचे आणि अभिमानाचे आहे, पण त्याने गावात आज्ञावलीकार तयार होत नाहीत.

आता जनगणना. १९९१ मध्ये दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या १,३८,४७७ होती. त्यात अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ७९ टक्के. साक्षरता ४०.७१ टक्के, देशाची ५२.२१. स्त्रियांची अवघी २६.९८. करसवलतीचे दार उघडले तेव्हा उंबरठ्यावर असलेला समाज हा असा होता: मुख्यतः वारली, धोडिया, कोकणा. पुढच्या वीस वर्षांत लोकसंख्या ३,४३,७०९ वर गेली आणि जमातींचा वाटा ५२ टक्क्यांवर आला. सगळ्यांत बोलका आकडा लिंग-गुणोत्तराचा आहे: हजार पुरुषांमागे स्त्रिया १९९१ मध्ये ९५२, २००१ मध्ये ८१२, २०११ मध्ये ७७४. घरदार गावी ठेवून आलेले तरुण पुरुष कामगार, याखेरीज या घसरणीचा पटेल असा दुसरा अर्थ मला लागत नाही. कारखाने आले, नोकऱ्याही आल्या. त्यांतल्या कितीतरी बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला गेल्या.

दुसरी वाट पुण्याला गेली. सॉफ्टवेअर उद्यानांच्या योजनेत युनिटला ठरावीक आवारात बसण्याची सक्ती नव्हती. कागदावर सिल्वासाही चालले असते. पण परदेशी काम पाठवायला उपग्रह भू-केंद्र हवे होते, आणि सुरुवातीच्या तीन केंद्रांपैकी एक पुण्यात होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसे तिथे आधीच होती. अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १८५४ पासूनची, टाटांचे संशोधन केंद्र १९८१ चे, सी-डॅक १९८८ चे. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम’ महासंगणक १९९१ मध्ये उभा राहिला तो तिथेच. करमाफीने पुणे घडवले असे म्हणणे मला मान्य नाही. तयार पिकावर आलेला तो पाऊस होता. २०१०-११ या आर्थिक वर्षाबरोबर कलम १०-एची माफी संपली, आणि हिंजवडी रिकामी झाली नाही.

या प्रदेशाकडे महसुलाचा आकडा म्हणून पाहण्याची सवय फार जुनी आहे. पेशव्यांच्या दरबाराने १७७९ च्या तहात पोर्तुगीजांना कबूल केले ते वर्षाला बारा हजार रुपयांचे उत्पन्न. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तहाचा अर्थ असाच लावला, की मराठ्यांनी दिला तो वसुलीचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. १९५४ मध्ये लोकांनी हा मुलूख मुक्त केला. १९९३ च्या यादीतही तो पुन्हा वसुलीच्या, खरे तर वसुली सोडून देण्याच्या, हिशेबातच आला.

२०११ पर्यंत इथली साक्षरता ७६.२४ टक्क्यांवर पोहोचली, स्त्रियांची ६४.३२ वर. सायलीचे एसएसआर महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. १९९३ मध्ये नव्हती ती पिढी आता दाराशी आहे. म्हणून जुन्या कलम ८०-आयएमधली एक अट पुन्हा वाचावीशी वाटते: विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार हवेत, विजेविना चालणाऱ्यात वीस. ते कुठले, त्यांना कोणते काम शिकवले, याबद्दल तिथे अक्षरही नाही. माहिती तंत्रज्ञानासाठी नवी सवलत लिहिली जाईल तेव्हा या दहांपैकी स्थानिक किती आणि त्यांच्या प्रशिक्षणावर कंपनीचा खर्च किती, हे दोन रकाने विवरणपत्रात सक्तीचे व्हावेत.