नोकरी सांभाळून भंगार विकता? मग आयटीआर-१ चालणार नाही

राहायला माधवनगर, नोकरी कुपवाड एमआयडीसीत आणि सुट्टीदिवशी गोळा केलेलं लोखंड, पत्रा, तांब्याची तार भंगारवाल्याला घालायची. पैसे रोख मिळाले तरी हे व्यवसायाचं उत्पन्नच. त्यामुळे पगारदारांचा आयटीआर-१ चालत नाही. कलम ४४एडीखाली आयटीआर-४ भरता येतो. त्यात रोख विक्रीच्या ८ टक्के, बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरतात. दीड लाखाची रोख विक्री, तर १२,००० रुपये. पण हा आकडा किमान आहे. माल फुकट मिळालेला असेल तर खरा नफा बराच जास्त, तोच दाखवावा.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य. मात्र एकूण उत्पन्न ४ लाखांवर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. वजनाच्या पावत्या, चिठ्ठ्या असल्या तरी, जपून ठेवा.