‘फॅमिन’ आणि ‘स्कार्सिटी’ : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात दोन संज्ञांचा इतिहास

प्रस्तावना

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. येथील प्रशासकीय इतिहासात ‘फॅमिन’ व ‘स्कार्सिटी’ या इंग्रजी संज्ञा वारंवार आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या अर्थाचे व वापराचे तुलनात्मक विवेचन केले आहे.

विवेचन

व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे शब्द परस्परांशी संबंधित नाहीत. पहिल्याचे मूळ ‘भूक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, तर दुसऱ्याचे ‘वेचून घेणे’ या अर्थाच्या क्रियापदात. दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालानंतर दुष्काळ संहिता आकारास आल्या. त्या परंपरेत ‘स्कार्सिटी’ ही आधीची पायरी, तर ‘फॅमिन’ ही शासनावर व्यापक मदतकार्याची जबाबदारी टाकणारी अवस्था ठरली.

१९६३ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र अधिनियमाद्वारे राज्यातील कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळून ‘स्कार्सिटी’ योजला. शासन वेळीच मदत पुरवीत असल्याने दुष्काळास वाव उरला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. नऊ वर्षांतच १९७२ चे अवर्षण ओढवले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील मदतकामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. नगर जिल्हाही त्यात होरपळला. कायद्याच्या भाषेत ती ‘टंचाई’च होती. खडी फोडून व सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्यांनी मात्र तिला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले.

निष्कर्ष

संज्ञा बदलल्याने आपत्ती टळत नाही. शासनाचे दायित्व मोजण्याचे माप मात्र बदलते. ते दायित्व १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने कामाच्या हक्काच्या रूपात पुन्हा कायद्यात आणले. ‘दुष्काळ’ हा शब्द मात्र लोकभाषेनेच जपला.