तरह, अमल आणि नाव : व्हिडिओ गेम-उद्योगातील परहस्ते केलेल्या चित्रकामाचा विचार

अकबराच्या चित्रशाळेत सिद्ध झालेल्या ‘रझ्मनामा’च्या पोथीत, म्हणजे महाभारताच्या फारसी भाषांतराच्या पोथीत, चित्रांच्या समासात कारकुनाने बारीक अक्षरांत केलेल्या नोंदी आढळतात. बहुधा एका चित्रापाशी दोन नावे असतात. एकाची ‘तरह’, म्हणजे चित्राची आखणी, आणि दुसऱ्याचा ‘अमल’, म्हणजे ती आखणी रंगांत उतरविण्याचे काम. क्वचित तिसरे नाव येते, ते मुख्य चेहरे काढणाऱ्याचे. हे दोन्ही शब्द मराठीस परके नाहीत. आपली ‘तऱ्हा’ आणि आपला ‘अंमल’ त्याच मुळांतून आलेले आहेत. मराठीत मात्र त्यांचा चित्रकलेशी असलेला संबंध राहिला नाही. एकीस रीतीचा अर्थ आला, दुसऱ्यास सत्तेचा.

ह्या जुन्या शब्दांचे स्मरण करण्याचे कारण असे की, आज व्हिडिओ गेमच्या उद्योगात बाहेरच्या देशांतील चित्रशाळांकडून जे काम करवून घेतले जाते, त्याचे वर्णन त्यांच्याइतके नेमकेपणाने दुसऱ्या शब्दांनी होत नाही. तरह एका देशात होते, अमल दुसऱ्या देशात. ह्या व्यवस्थेची चर्चा बहुधा मालकाच्या बाजूने, खर्च व बचत ह्या परिभाषेत होते. प्रस्तुत लेखात ती कलावंताच्या बाजूने पाहावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ह्या धंद्यातील अनामिकता परदेशी कंत्राटांनी आणली असे नाही. ती तेथे आरंभापासून होती. १९७०नंतरच्या दशकात एक गेम बहुधा एकच मनुष्य रचीत असे, तरीही अटारी कंपनी त्याचे नाव छापीत नसे. वॉरन रॉबिनेट ह्याने ‘ॲडव्हेंचर’ ह्या आपल्या गेममध्ये एक गुप्त दालन ठेवून त्यात स्वतःचे नाव लपविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास, १९७९ साली, अटारीतून बाहेर पडलेल्या चार प्रोग्रामरांच्या सहभागाने ॲक्टिव्हिजन कंपनी निघाली आणि तिने रचनाकाराचे नाव ठळकपणे छापण्याचा प्रघात पाडला. जपानात १९८०नंतरच्या दशकात कित्येक गेमांच्या श्रेयनामावलीत टोपणनावेच दिसतात. आपली माणसे प्रतिस्पर्ध्याने पळवू नयेत हा त्यातील हेतू. क्योतो येथील टोसे ह्या १९७९ साली स्थापन झालेल्या कंपनीने तर दुसऱ्यांचे गेम पडद्याआड राहून करून देणे हाच आपला व्यवसाय ठरविला.

तथापि चित्रकाम मोठ्या प्रमाणावर बाहेर जाऊ लागले, त्याचे कारण निराळे होते. १९९०नंतरच्या दशकात त्रिमितीय पात्राची आकृती काही शे बहुकोनांत बसत असे. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणि नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ ही यंत्रे बाजारात आली, आणि तशाच एका पात्रास दहा-वीस हजार बहुकोन व त्वचेचे अनेक पदर लागू लागले. पात्राबरोबर त्याभोवतीचे विश्वही तितकेच भरीव करणे भाग पडले. खुर्च्या, दिवे, गाड्या, भिंतीवरील ओल, सारेच घडवावयाचे! शिवाय इतके कारागीर वर्षभर लागतात असेही नाही. निर्मितीच्या मधल्या काही महिन्यांत त्यांची गर्दी लागते व पुढे ती नकोशी होते. घरची माणसे वाढविण्यापेक्षा काम बाहेर देणे मालकास सोयीचे वाटले, ते ह्यामुळे. बंगळूरची ध्रुव इंटरॲक्टिव्ह, २००४ साली शांघायमध्ये निघालेली व्हर्चुओस, त्याच वर्षी दिल्लीच्या परिसरात निघालेली लक्ष्य डिजिटल ह्या संस्था ह्याच गरजेवर वाढल्या. व्यंगचित्रपटांच्या धंद्याने ही वाट आधीच मळविली होती. १९६४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘रुडॉल्फ’च्या बाहुल्या जपानात हालविल्या गेल्या होत्या, आणि ‘द सिम्पसन्स’ची हजारो चित्रे दक्षिण कोरियात काढली गेली.

आता कारागिराच्या मेजाकडे वळू. त्याच्याकडे एक संकल्पचित्र येते, शैलीचे नियम सांगणारी पुस्तिका येते आणि मोजमापे येतात. समजा, एक जुनी लाकडी खुर्ची करावयाची आहे. तो प्रथम तिची बारकाव्यांसह भरगच्च आकृती घडवितो. मग तीच कमी बहुकोनांत बसवितो. शिंप्याने कापड बेतावे तसा तिचा पृष्ठभाग उलगडून सपाट करतो. आणि त्यावर रंग, खडबडीतपणा व चकाकी ह्यांचे पदर चढवितो. काम समुद्रापार जाते, शेऱ्यांसह परत येते, दुरुस्त होऊन पुन्हा जाते. खुर्ची कोणाच्या घरात ठेवली जाणार, तीवर कोण बसणार, हे पुष्कळदा त्यास ठाऊक नसते. मराठीत ज्यास ‘उक्ते काम’ म्हणतात, तेच हे. उक्त्या कामाचा स्वभाव असा की, त्यात वस्तूची किंमत ठरते, वस्तूमागील विचाराची ठरत नाही. त्यातच गुप्ततेचा करार असतो. गेम प्रसिद्ध होईपर्यंत, आणि कधी त्यानंतरही, आपले काम आपले म्हणून दाखविण्याची मुभा कारागिरास नसते. पुढील नोकरी मात्र दाखविलेल्या कामावरच मिळावयाची असते. ही अडचण केवळ मानापमानाची नाही. ती पोटाची आहे.

ह्यावर असे म्हणता येईल की, ह्याच कामाने हजारो तरुणांना उत्तम तंत्र शिकविले. ते खरेच आहे. मोगल कारखान्यातही शिकाऊ चित्रकार अमलापासूनच आरंभ करीत असे. परंतु तेथे तरह करणारा उस्ताद त्याच छपराखाली असे. कहाराचा मुलगा दसवंत हा अशाच चित्रशाळेत वाढून ‘रझ्मनाम्या’तील अनेक चित्रांची तरह करणारा झाला. आठवड्यास कामाची पाहणी होऊन बक्षीस व पगारवाढ मिळे, असे अबुल फझल सांगतो. अमलाकडून तरहेकडे नेणारा जिना घरातच होता. समुद्रापलीकडच्या तरहेकडे जाणारा जिना कोठे आहे? यूबीसॉफ्टने पुण्याच्या व मुंबईच्या आपल्या शाखांकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नवनिर्मितीचे काम सोपविल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. ह्या शाखा कंपनीच्याच असल्याने ते बाहेर दिलेले काम नव्हे. तरीही एक संपूर्ण गेम आपल्याकडील हातांत आला होता. मे २०२२ मध्ये तो माँट्रियलकडे नेण्यात आला. उलट, एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा व्हर्चुओसचे नाव उघडपणे घेतले गेले. पण नाव संस्थेचे झाले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्या संस्थेने सुमारे २७० माणसे कमी केली. संस्थेस मिळालेले श्रेय माणसाच्या उपयोगी पडतेच असे नाही.

नाव वगळण्याची ही रीत महाराष्ट्रास अपरिचित नाही. रविवर्म्याच्या १८९४ साली मुंबईत निघालेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे घरोघर पोहोचली. त्यांवर रविवर्म्याचे नाव असे. एकेका रंगासाठी शिळा सिद्ध करणाऱ्या कारागिरांचे नसे. आज ती नावे शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे लागत नाही.

श्रेयनामावली कशी असावी ह्याविषयी गेम रचणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शिफारशी केलेल्या आहेत. त्या कोणावर बंधनकारक नाहीत. येथे ‘रझ्मनाम्या’च्या समासाकडे पुन्हा पाहणे उचित होईल. त्या नोंदी कलावंताच्या गौरवार्थ नव्हे, तर हिशेबासाठी झाल्या असाव्यात. तरीही त्यांच्यामुळेच तरह करणारा व अमल करणारा, दोघेही आज इतिहासात आहेत. कोणती खुर्ची कोणी केली ह्याचा हिशेब आजच्या कंपन्यांपाशीही असतोच, आणि तो मोगल कारकुनाच्या नोंदीहून कितीतरी तपशीलवार असतो. उणीव नोंदीची नाही. ती नोंद समासात उतरविण्याची आहे.