चारशे टनांतील कथन : एका गस्ती तारायानाच्या आराखड्याचा इतिहास

वाङ्मयाच्या इतिहासलेखनात याद्यांची उपेक्षाच झाली आहे. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातील नौकांची यादी अभ्यासक आदराने वाचतात खरे, पण ती यादी असूनही काव्य कशी ठरते, हे सिद्ध करण्यातच त्यांची शक्ती खर्च होते. ती यादी असल्यामुळेच काव्य असेल काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका वेगळ्या आणि वरकरणी अगदी अवाङ्मयीन भासणाऱ्या यादीच्या संदर्भात विचारावयाचा आहे. ही यादी एका खेळाच्या नियमपुस्तिकेतील आहे. तिच्यात चारशे टनांच्या एका गस्ती तारायानात काय काय बसविले आहे, एवढेच सांगितले आहे.

खेळाचे नाव ‘ट्रॅव्हलर’. तो १९७७ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या संस्थेने प्रकाशित केला. त्याचे मुख्य रचनाकार मार्क मिलर होते. ज्याला इंग्रजीत रोलप्लेइंग गेम म्हणतात, त्या भूमिकांच्या खेळाचा प्रकार १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केला होता. या प्रकारात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका बोलून वठवितो, एक जण पंच होऊन जगाचे वर्णन करतो आणि अनिश्चित कृतींचा निकाल फासे देतात. विज्ञानकथेच्या क्षेत्रात ‘ट्रॅव्हलर’ पहिला नव्हे. जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ १९७६ मध्येच निघाला होता. मात्र जहाज स्वतः आखावयाचे, त्याचा हिशेब जुळवावयाचा आणि मग त्यात राहावयाचे, हा क्रम ‘ट्रॅव्हलर’ने रुजविला. मिलर आणि जॉन हार्शमन यांनी १९७३ मध्ये ‘ट्रायप्लॅनेटरी’ हा अवकाशयुद्धाचा पटावरचा खेळ रचला होता. त्यातील यंत्रगणिताला नव्या खेळात माणसे मिळाली, असे म्हणता येईल.

आता यादीकडे वळू. १९८१ च्या सुधारित आवृत्तीतील दुसऱ्या पुस्तिकेत जहाजाचे माप टनांत दिले जाते; परंतु हा टन वजनाचा नाही. एक टन द्रवरूप हायड्रोजनला जितकी जागा लागते तितका, म्हणजे सुमारे १४ घनमीटरांचा, हा अवकाश आहे. जहाज म्हणजे मर्यादित पोकळी, आणि आराखडा म्हणजे त्या पोकळीची वाटणी. जकातीची तपासणी, चाचेगिरीचा बंदोबस्त आणि सामान्य गस्त यांसाठी नेमलेल्या ४०० टनी जहाजात ही वाटणी अशी आहे : तीन प्रकारच्या यंत्रांना मिळून ७५ टन, इंधनाला १६०, चालककक्षाला २०, संगणकाला ३, बारा खोल्यांना ४८, शीतनिद्रेच्या चार कुप्यांना २, चार टरेटांच्या मारानियंत्रणाला ४, एका छोट्या नौकेला ३०, एका वाहनाला ८, आणि मालाला ५०. बेरीज बरोबर ४०० होते. शिल्लक काहीच राहत नाही.

हे ‘शिल्लक न राहणे’ वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचे आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात फ्लोबेरच्या कथेतील पियानोवरच्या वायुभारमापकाचा दाखला घेऊन असे दाखविले होते की, वास्तववादी कथनातील काही तपशिलांचे कथानकात काहीच काम नसते. त्यांचे काम ‘मी वास्तव आहे’ एवढे सांगण्याचे असते. कादंबरीकाराला तो वायुभारमापक फुकट मिळतो. आणखी एक खुर्ची, आणखी एक पडदा लिहिण्याने दुसरे काही काढून टाकावे लागत नाही. गस्ती यानाच्या आराखड्यात मात्र एकही तपशील फुकट नाही. आणखी एक खोली हवी असेल तर चार टन कोठून तरी आणावे लागतील, आणि ज्याच्याकडून आणाल त्याची उणीव पुढे केव्हातरी, बहुधा नको त्या क्षणी, जाणवेल. अशा लेखनात तपशील वास्तवाचा आभास निर्माण करीत नाही. तो निवड व्यक्त करतो. जिथे निवड आहे तिथे मूल्य आहे, आणि मूल्यभेद आला की कथेचे बीजही आलेच.

उदाहरणार्थ, इंधन घ्या. या विश्वात ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत ‘उडी’ घ्यावी लागते आणि एका उडीला अंतर कितीही असले तरी सुमारे एक आठवडा लागतो. उडीसाठी लागणारे इंधन हे जहाजाचा एक दशांश भाग गुणिले उडीचा टप्पा असे मोजतात. गस्ती यानाचा टप्पा ३ आहे, म्हणजे १२० टन एकाच उडीत संपतात. उरलेले ४० वीजसंयंत्राचे. परिणाम असा की, पूर्ण टप्प्याची उडी घेऊन पोचलेले जहाज लगेच परत फिरू शकत नाही. त्याला बंदर गाठावे लागते किंवा एखाद्या वायुमहाग्रहाच्या वातावरणातून हायड्रोजन उपसावा लागतो. चाच्याने दबा धरून कोठे बसावे हे वेगळे सांगण्याची गरजच उरत नाही. पंचाने प्रसंग रचण्यापूर्वीच गुणाकाराने तो रचलेला असतो.

याहून अर्थपूर्ण भाग माणसांचा आहे. यानावर अठरा जण आहेत. त्यांपैकी दहा जण सूत्रांतून निघतात : एक चालक, एक दिशादर्शक, यंत्रांच्या दर ३५ टनांमागे एक या हिशेबाने तीन अभियंते, एक वैद्यक आणि प्रत्येक टरेटमागे एक असे चार तोफची. उरलेले आठ सैनिक मात्र कोणत्याही सूत्रातून निघत नाहीत. जहाज चालविण्यासाठी त्यांची गरज नाही. ते दुसऱ्यांच्या जहाजात शिरण्यासाठी आहेत. नियमांची भाषा सर्वत्र तटस्थ असली तरी या आठ जणांत रचनाकाराचे राज्यविषयक मत दडलेले आहे. कायदा म्हणजे अखेरीस दुसऱ्याच्या दारातून आत जाण्याची क्षमता, असे ते मत होय. खोल्या बाराच आहेत. अठरा माणसे बारा खोल्यांत बसवावयाची तर सहा खोल्यांत दोघे-दोघे राहणार. आठ सैनिकांच्या चार आणि चार तोफचींच्या दोन अशा सहा खोल्या होतात. चालक, दिशादर्शक, वैद्यक आणि तीन अभियंते यांना स्वतंत्र खोल्या उरतात. यादी हे सांगत नाही, पण तिचे अंक याच वाटणीकडे स्वाभाविकपणे बोट दाखवितात. शस्त्र हाताळणारे दाटीत आणि यंत्र हाताळणारे एकांतात अशी ही वर्गरचना एका भागाकारातून प्रकट होते. शिवाय जप्त करावयाच्या मालाला ५० टन आहेत आणि राहत्या माणसांना ४८, हेही नजरेआड करता येत नाही.

शीतनिद्रेच्या चार कुप्यांबद्दल यादी गप्प आहे. त्या जखमींसाठी की कैद्यांसाठी? या कुप्यांची कल्पना ई. सी. टब यांच्या ड्यूमारेस्ट या नायकाच्या कादंबऱ्यांतून आली. तेथे गरीब प्रवासी पशूंसारखे गोठवून नेले जातात. खेळाच्या नियमानुसार जागे होताना दोन फाशांवर पाच किंवा अधिक न पडल्यास झोपलेला माणूस दगावतो. म्हणजे वैद्यकाच्या कौशल्यासारखी मदत नसेल तर छत्तिसात सहा वेळा. न्यायालयापर्यंत पोचण्याआधीच सहांतील एक आरोपी मरू शकेल, अशी व्यवस्था अर्ध्या टनाच्या एका कुपीत बंद आहे. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण त्याला निर्दय म्हटले असते. येथे ते कोणीच लिहिलेले नाही. दोन वेगवेगळ्या पानांवरचे दोन नियम एकत्र वाचणाऱ्या खेळाडूला ते सापडते. वाचकाच्या सहभागाविषयी आपल्याकडे जे सिद्धांतन झाले आहे त्याला या प्रकारच्या वाचनाची दखल घ्यावी लागेल, असे मला वाटते.

या विश्वात जहाजापेक्षा वेगाने संदेश जात नाही, ही अट वरील सर्वांना धार देते. गस्ती यानाच्या कप्तानाने काही विचारले तर उत्तर यावयास निदान दोन आठवडे लागणार. तोवर कायदा म्हणजे तोच. मिशेल फुको यांनी १९६७ च्या एका व्याख्यानात जहाजाला स्वयंपूर्ण, बंदिस्त, तरीही सागराच्या अमर्यादतेला सोपविलेली जागा म्हणून गौरविले होते. बार्थ यांनी त्याही आधी, १९५७ मध्ये, व्हर्नच्या नॉटिलसमध्ये बंदिस्तपणाचे बालसुलभ सुख पाहिले होते. गस्ती यान बंदिस्त आहे, पण स्वयंपूर्ण नाही आणि सुखी तर नाहीच. त्याला दर उडीनंतर तहान लागते. नॉटिलसपेक्षा त्याचे नाते शिडांच्या काळातील जकातनौकेशी अधिक जवळचे आहे. ‘चाचेगिरीचा बंदोबस्त’ हा शब्दप्रयोगही त्याच इंग्रजी सागरी परंपरेतून, कसलीही शंका न घेता, उचललेला आहे. त्याच परंपरेच्या दप्तरांत मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे चाचे म्हणून नोंदले गेले आहेत, हे मराठी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. गस्त कोणाची आणि चाचा कोण, हे नोंदवही कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते. ‘ट्रॅव्हलर’ची पुस्तिका हा प्रश्न विचारीत नाही. मात्र खेळाडूंना जहाजाची कोणतीही बाजू घेण्यापासून ती रोखतही नाही.

यापुढील इतिहास आकारवाढीचा आहे. १९७९ मध्ये ‘हाय गार्ड’ ही पाचवी पुस्तिका आली आणि १९८० मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. अक्षरांनी ओळखली जाणारी ठरावीक यंत्रे जाऊन टक्केवारी आली. दहा लाख टनांपर्यंतची जहाजे शक्य झाली. जहाजाचे वर्णन अंकाक्षरांच्या एका ओळीत मावू लागले आणि मोठ्या जहाजांवरील माणसे खातेनिहाय, टनांच्या प्रमाणात मोजली जाऊ लागली. खोली कोणाची हा प्रश्न येथे संपतो. हजार खलाशांत कोणी कोणाची खोली वाटून घेत नाही, हजारांची सोय होते इतकेच. पुढे एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्ये इतक्या, रकमेत आरमार उभारण्याची स्पर्धा सुरू झाली.

१९८१ सालची ही स्पर्धा स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी जिंकली. त्यांनी ‘युरिस्को’ या स्वतःच्या संगणकप्रणालीकडून आरमाराची रचना करवून घेतली होती. मंद, जाड चिलखताची, ढीगभर लहान शस्त्रे असलेली ९६ जहाजे अनुभवी खेळाडूंना विचित्र वाटली, पण हरली नाहीत. पुढच्या वर्षी नियम बदलले, तरीही युरिस्को जिंकली. तिच्या १९८२ च्या डावपेचांत स्वतःचीच निकामी झालेली जहाजे नष्ट करण्याची युक्ती होती. कारण पंगू जहाजे गेली की उरलेल्या आरमाराची चपळता वाढत असे. पुन्हा आलात तर स्पर्धाच बंद करू, असा आयोजकांचा सूर लागल्यावर लेनाट यांनी माघार घेतली. विजयाच्या श्रेयाची वाटणी त्यांनी स्वतःला साठ आणि प्रणालीला चाळीस टक्के अशी केली. ‘लेखक कोण’ या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर साहित्यात क्वचितच मिळते!

युरिस्कोने नियम मोडले नाहीत. उलट, नियम तिने माणसांहून अधिक काळजीपूर्वक वाचले. बुडविलेल्या प्रत्येक जहाजावर नियमांनुसार खलाशी होते आणि त्यांची संख्याही मोजता आली असती. परंतु आकार वाढल्यावर संख्या माणसांकडे निर्देश करणे सोडून देते आणि मग तिच्यातून कथा निघत नाही. फक्त निकाल निघतो. चारशे टनांच्या यानावरही नेमके हेच गणित चालते, तरी तेथे निकामी नौका सोडून देण्याचा निर्णय घेताना तिच्यातला तोफची कोणत्या खोलीत, कोणाबरोबर राहत होता हे सर्वांना ठाऊक असते. तपशिलाची घनता आणि रचनेचा लहान आकार यांचा असा संबंध कथनमीमांसेने अजून पुरेसा तपासलेला नाही. गणित रूक्ष असते म्हणून त्यातून वाङ्मय निर्माण होत नाही, हे आपल्या विज्ञानकथेच्या चर्चेतील गृहीतक तर त्याहूनही कमी तपासले गेले आहे.

खेळाच्या नंतरच्या आवृत्त्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. १९८७ च्या ‘मेगाट्रॅव्हलर’मध्ये आराखड्याचे गणित अधिक किचकट झाले. १९९३ नंतरच्या आवृत्तीत तर ते जवळजवळ अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकासारखे वाटू लागले. १९९६ मध्ये मूळ प्रकाशनसंस्था बंद पडली. २००८ साली इंग्लंडच्या ‘मंगूस पब्लिशिंग’ने खेळ पुन्हा छापला, तेव्हा मूळ नियमपुस्तिकेत अक्षरांनी ओळखली जाणारी यंत्रे परत आली. या परतण्यात स्मरणरंजनाचा भाग होताच. पण त्यामुळे एक वही, एक पेन्सिल आणि काही तास एवढ्या सामग्रीवर एखाद्या एकट्या खेळाडूला चारशे टनांची बेरीज पुन्हा जुळविता येऊ लागली, आणि तेराव्या खोलीसाठी चार टन मालातून कापावयाचे की इंधनातून, याचा वाद इतरांशी घालता येऊ लागला.