बालवाडीच्या ताईंचं शिक्षण

पहिलीच्या वर्गावर उभं राहायचं तर डीएड लागतं, टीईटी लागते. तीन वर्षांचं मूल सांभाळणाऱ्या ताईंना काय लागतं?

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्रामीण बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ सोबतीला आल्या. शिंपले, बिया, पानं हीच साधनं. मुलांची नखं कापणं, अंघोळ घालणं हाही शिक्षणाचाच भाग. लहानग्यांना सांभाळायलाही शिकावं लागतं, हे या दोघींनी कृतीतून दाखवलं.

२००९चा शिक्षण हक्क कायदा मात्र सहा वर्षांपासूनच्या मुलांचा. २०२०च्या धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडीताईंसाठी सहा महिन्यांचं, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचं प्रशिक्षण सांगितलं.

मोहल्ल्यातल्या नर्सरीत आपण फी विचारतो, युनिफॉर्म विचारतो. ताईंचं प्रशिक्षण कुठे झालं, हेही विचारू या.