क्रीडांगणावरचे गुरुजी : उरणच्या निमित्ताने

मुंबई बंदराच्या समोर, खाडीपलीकडे, द्रोणागिरीच्या पायथ्याशी वसलेले उरण पुष्कळ काळपर्यंत सरकारी दप्तरात पनवेल तालुक्याचा एक महाल म्हणून नोंदले जात असे. प्रथम ठाणे, मग कुलाबा आणि 1981 पासून रायगड, अशी त्याच्या जिल्ह्याची नावे बदलत गेली. परंतु मिठागरांत मीठ पिकवावे, खाजणातल्या शेतांत भात लावावा, करंज्याच्या किनाऱ्यावर मासळी उतरवावी आणि मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईस जा-ये करावी, हा तेथील आगरी, कोळी, कराडी समाजाचा जीवनक्रम मात्र पिढ्यान् पिढ्या अविच्छिन्न राहिला. ज्या प्रदेशात लहान मूलही बांधावर मातीची पाटी उचलू लागते आणि मिसरूड फुटण्यापूर्वी मुलगा वल्हे मारावयास शिकतो, त्या प्रदेशात शरीराचे शिक्षण देण्यासाठी शाळेत वेगळा शिक्षक नेमण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न एके काळी कोणीही विचारला असता. त्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हळूहळू उलगडत गेले आहे, आणि आज ते उरणच्याच भूमीवर सर्वांत स्पष्टपणे वाचता येते.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा नवी नाही. समर्थ रामदासांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली आणि त्या देवतेच्या रूपाने बलोपासनेचा आदर्श समाजापुढे ठेवला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला नवजीवन दिले. गावोगावच्या तालमींतून जोर, बैठका, फरीगदगा आणि कुस्ती यांची साधना वस्तादाच्या देखरेखीखाली चालत आली. परंतु तालीम ही ज्याला आवड आहे आणि ज्याच्या अंगी मुळातच काही बळ आहे त्याच्यासाठी होती. अशक्त, भित्रा, खोकल्याने जर्जर झालेला मुलगा तिच्या उंबरठ्याशी फिरकत नसे, आणि मुलींना तर तिचे दार बंदच होते. सर्व मुलांना, त्यांची आवडनिवड न पाहता, शरीरसंवर्धनाची समान संधी द्यावी, ही कल्पना शाळेबरोबर आली, आणि ती रुजण्यास फार वेळ लागला.

1882 च्या हंटर आयोगाने देशी खेळ, कसरती आणि कवायत यांना शाळांतून उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस उत्तम होती; पण ती अमलात आणणारा माणूस कोठून आणावयाचा, याची तजवीज झाली नाही. परिणामी पलटणीतून पेन्शनीत निघालेला शिपाई किंवा हवालदार अल्प दरमहावर नेमावा, त्याने मुलांच्या रांगा लावाव्या, इंग्रजीतून हुकूम सोडावे आणि इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटीच्या दिवशी कवायत नेटकी दिसेल एवढे पाहावे, असा परिपाठ पडला. या ड्रिल मास्तरांचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. वक्तशीरपणा, टापटीप आणि ताठ उभे राहण्याची सवय त्यांनी हजारो मुलांना लावली. तथापि वाढत्या वयातील शरीराचे शास्त्र त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. दुबळ्या छातीच्या मुलाला आणि धट्ट्याकट्ट्या मुलाला ते एकच हुकूम देत, आणि शिक्षकवर्गात त्यांची गणना जवळजवळ शाळेच्या शिपायाबरोबर होत असे.

ही स्थिती पालटविण्याचे श्रेय महाराष्ट्रातील काही ध्येयनिष्ठ पुरुषांना आहे. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा चालविणाऱ्या प्रोफेसर माणिकरावांनी संघव्यायामाची पद्धती सिद्ध केली आणि कवायतीला देशी भाषेतील आज्ञा दिल्या. अमरावतीस 1914 मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले, ज्याच्या पथकाने पुढे 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. पुण्यास 1924 मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. त्याच वर्षी माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाच्या अभ्यासास प्रयोगशाळेची जोड दिली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्काराचा नित्यपाठच सुरू केला. या सर्वांच्या उद्योगातून एक सिद्धांत दृढ झाला, तो असा की व्यायाम हा शिक्षणाचा अवयव आहे आणि म्हणून तो शिकविणारा मनुष्य प्रथम शिक्षक असला पाहिजे.

या सिद्धांताला राजमान्यता मिळण्याचा योग 1937 मध्ये आला. त्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले, आणि शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाठोपाठ 1938 मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी प्रशिक्षणसंस्था सुरू झाली. मुंबई प्रांताच्या शालेय इतिहासात या घटनेचे महत्त्व फार मोठे आहे. मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाती प्रथमच विद्येचे प्रमाणपत्र आले. शरीररचना आणि आरोग्य यांचे ज्ञान, खेळांचे नियम आणि अध्यापनाची रीत यांचा अभ्यास केल्यावाचून मुलांपुढे उभे राहू नये, हा दंडक प्रस्थापित झाला. पुढे 1957 मध्ये ग्वाल्हेर येथे राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने अखिल भारतीय दर्जाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य म्हणून पी. एम. जोसेफ यांची नेमणूक झाली. ते कांदिवलीच्या संस्थेचे प्रमुख होते. एका उपनगरातील संस्थेचा अनुभव असा देशाच्या उपयोगी पडला.

कुलाबा जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळातला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची शाखा उरण परिसरात फुंड्यासारख्या गावी निघाली आणि मिठागरावर राबणाऱ्यांची, भातशेती करणाऱ्यांची मुले पहिल्यानेच हायस्कुलाच्या बाकावर बसली. या मुलांच्या अंगी बळ होते, यात संशय नाही. परंतु श्रमाने येणारे बळ बहुधा एकांगी असते. दिवसभर वाकून काम करणाऱ्याची पाठ वाकते, खाऱ्या पाण्यात उभे राहणाऱ्याचे पाय चिरतात, आणि ओझी वाहून दणकट झालेल्या खांद्याला सरळ उभे राहण्याची सवय राहत नाही. श्रम शरीर वापरतो, व्यायाम ते घडवितो, हा भेद मुलांना कोणी समजावून द्यावा लागतो. तो समजावून देणारे व्यायामशिक्षक असे गावातल्या घराघरांत ओळखीचे झाले.

त्यांच्या कामाचा आवाका वेळापत्रकातील तासांपेक्षा सदैव मोठा राहिला आहे. सकाळची प्रार्थना आणि परिपाठ, स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन यांचे संचलन, लेझीम आणि डंबेल्सची पथके, तालुका व जिल्हा क्रीडास्पर्धांची तयारी, उंची-वजनाच्या नोंदी, मैदानावर गुडघा फुटला तर प्रथमोपचार, सहलीतील सुरक्षितता आणि शाळा सुटल्यावर फाटकापाशी उभे राहण्याची जबाबदारी, हे सारे शाळेत त्यांच्याकडेच येते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गणिताच्या शिक्षकाला मुलाची वही दिसते आणि भाषेच्या शिक्षकाला त्याचा निबंध दिसतो. परंतु मुलगा उपाशी आला आहे, त्याला धाप लागते आहे, त्याच्या अंगावर वळ आहेत, तो इतरांपासून दूर उभा राहतो आहे, हे मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या नजरेस प्रथम येते. पाठांतरात मागे पडलेल्या आणि म्हणून वर्गात मान खाली घालून बसणाऱ्या मुलाला आपल्या योग्यतेची पहिली पावती पुष्कळदा याच शिक्षकाच्या शाबासकीतून मिळालेली असते.

कुलाब्याच्या या मातीत हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, वेड जुने आहे. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत रेषा आखावयाच्या आणि गावागावांचे संघ एकमेकांस भिडावयाचे, ही येथील रीत. या ग्रामीण खेळाला नियमांची चौकट घालण्याचे काम महाराष्ट्रातील क्रीडामंडळांनी केले, आणि ती चौकट खेड्यातील मुलांपर्यंत पोहोचविण्याचे काम शाळांतील व्यायामशिक्षकांनी केले. दम धरणे, पंचाचा निर्णय मुकाट्याने मानणे, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेणे, हे संस्कार अंगी बाणावयास खेळाचे शास्त्र जाणणारा आणि मुलांनी मनापासून मानलेला मनुष्य जवळ असावा लागतो. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, आणि मग या खेळाच्या बळावर पोलीस, रेल्वे, बँका यांच्या नोकऱ्याही रायगडच्या तरुणांस दिसू लागल्या.

मुलींच्या बाबतीत तर या शिक्षकांचे कार्य अधिकच मोलाचे आहे. गावाने मुलग्यांना कबड्डीचे मैदान दिले. मुलींच्या वाट्यास मंगळागौर आणि गौरी-गणपतीच्या दिवसांतील झिम्मा-फुगडी आली, आणि वय वाढताच तीही थांबली. खो-खो, लंगडी, धावणे आणि लांब उडी यांच्या निमित्ताने मुलीला मोकळ्या आकाशाखाली, सर्वांच्या देखत, संकोच न बाळगता धावण्याचा अधिकार प्रथम शाळेच्या क्रीडांगणाने दिला. एखाद्या मुलीला जिल्हास्पर्धेसाठी परगावी पाठविण्यास तिचे आईवडील राजी होत ते बहुधा शारीरिक शिक्षण घेणाऱ्या सरांवरील किंवा बाईंवरील विश्वासामुळेच.

यानंतर उरणचा इतिहासच पालटला. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले. तेल व वायू यांचे प्रकल्प आले. 1984 च्या जानेवारीत, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनात जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. ज्या तालुक्याने 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात रक्त सांडले होते, त्याने अर्धशतकानंतर पुन्हा बलिदान दिले. 1989 मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि 12 जानेवारी 2024 या एकाच दिवशी उरणची रेल्वे आणि चिर्ले येथे उतरणारा सागरी सेतू, दोन्हींचे उद्घाटन झाले.

या परिवर्तनाने संपत्ती आणि सोय आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या खाजणांत आजोबांनी चिखल तुडविला तेथे आता कंटेनरांचे आगार आहे, ज्या मोकळ्या शेतांत हुतूतूच्या रेषा आखल्या जात तेथून अवजड वाहनांचा रस्ता जातो, आणि ज्या घरातील मुले पूर्वी पहाटे बांधावर जात त्या घरातील मुले आज हाती मोबाईल घेऊन बसतात. पूर्वी श्रम शरीराला एकांगी का होईना, पण बळ देत होता. आता श्रमही गेला आणि खेळण्याची जागाही गेली. शेतीबरोबर उरणच्या मुलाने काय गमावले याचा हिशेब मोबदल्याच्या कागदांत कोठेही झालेला नाही. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळण्याच्या हक्कासाठी एक पिढी झगडली आणि ते योग्यच होते. मात्र मुलाच्या धावण्याच्या हक्काचा राखणदार आज तालुक्यात एकच उरला आहे, आणि तो म्हणजे शाळेतील व्यायामशिक्षक.

असे असता त्याची सरकारदरबारी आणि समाजात कदर किती होते? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. परंतु सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असतील तेथे कला, कार्यशिक्षण यांच्या बरोबरीने आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी केवळ अंशकालीन निदेशक पुरेसा मानला आहे. अर्थात त्याहून लहान शाळेतील मुलांना तेवढाही हक्क नाही. परीक्षा जवळ आली की प्रथम खेळाचा तास गणिताकडे किंवा विज्ञानाकडे वळविला जातो, आणि पालकही त्यास संमती देतात. 1938 मध्ये कांदिवलीने ज्याला शिक्षकाच्या पदावर बसविले, त्याला आपण पुन्हा तासावारीच्या कामगाराच्या जागी नेऊन ठेवतो आहोत, ही गोष्ट कोणत्याही विचारी माणसास अस्वस्थ करणारी आहे.

म्हणून उरणच्या, आणि उरणसारख्या प्रत्येक तालुक्याच्या, पालकांना व शाळाचालकांना कळकळीची विनंती आहे. शाळेच्या इमारतीची पाहणी करताना मैदानाचीही पाहणी करा. गुणपत्रिकेवर सही करताना, या वर्षी खेळाचे तास किती झाले, हेही विचारा. शाळेत पूर्णवेळ आणि प्रशिक्षित व्यायामशिक्षक आहे की नाही याची चौकशी करा, आणि नसेल तर त्यासाठी ग्रामसभेत, नगरपालिकेत व शिक्षणखात्यात आग्रह धरा. ज्या प्रकल्पांनी या भूमीवर आपला पसारा मांडला, त्यांच्याकडे रस्ते आणि दिवे यांच्याबरोबर प्रत्येक गावासाठी एक क्रीडांगण मागा. आणि जो शिक्षक उन्हापावसात आपल्या मुलांसमवेत मैदानावर उभा आहे, त्याला इतर शिक्षकांच्या बरोबरीचा मान द्या. कारण पुढच्या पिढीचे आरोग्य घडविण्याचे दायित्व आपण त्याच्याच हाती सोपविलेले आहे.